पाटीवरची सरस्वती

(शेवगाव तालुक्यातील एका खेड्याच्या शाळेत दसऱ्याच्या पाटीपूजनाच्या प्रसंगी तेथील शिक्षकांनी गावकऱ्यांपुढे केलेले भाषण. त्यांनी लिहून पाठविले तसेच छापीत आहोत. — संपादक)



मुलांच्या पाट्यांची पूजा आताच झाली. पेढे वाटावयाचे राहिले आहेत, आणि ते एकदा वाटले की इथे कोणी थांबावयाचे नाही हे मला पंधरा-सोळा वर्षांच्या नोकरीत पुरते कळून चुकले आहे. म्हणून ताट मी मुद्दाम आतल्या खोलीत ठेविले आहे. माझे बोलणे आटोपले की ताट बाहेर येईल.

काल खंडेनवमी झाली. घरोघर हत्यारे धुऊन पुसून मांडली होती ती मी गावातून फिरताना पाहिली. कुणब्याच्या ओसरीवर नांगराचा फाळ, पाभर, कुळव, खुरपी. सुताराच्या घरी वाकस, पटाशी, रंधा, करवत. लोहाराच्या सालात ऐरणीला हळदकुंकू आणि भात्याला झेंडूची माळ. चांभाराच्या दारी रापी आणि आरी. शिंप्याचे यंत्र, न्हाव्याचा वस्तरा, कुंभाराचे चाक. ट्रॅक्टरलाही हार घातलेला होता, आणि त्याच्या पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलेले होते. ज्या हत्याराने वर्षभर पोटाला मिळते त्याला एक दिवस विसावा द्यावा, त्याच्यापुढे हात जोडावेत, ही रीत मला फार आवडते. हा कष्टकऱ्यांचा सण आहे. मारुतीच्या देवळापलीकडे तर आठ-दहा घरी मी कोयते पुजलेले पाहिले. त्या कोयत्यांकडे मी पुन्हा येणार आहे. तूर्त आजच्या पूजेचे बोलू.

आज मुलांनी पाटीवर सरस्वती काढली. ही कशी काढतात हे आपण सर्वांनी लहानपणी केले आहे. एकाचे आकडे एकमेकांकडे तोंड करून ओळीने मांडावयाचे, ते रेघांनी जोडावयाचे, की पिसारा फुलविलेल्या मोरासारखी एक आकृती उभी राहते. तिला ना हात ना पाय, ना दागिना ना वीणा. मुलाला पहिल्याने जो आकडा येतो त्या एकाची ती देवी. मग तिला हळदकुंकू, झेंडूचे फूल, आपट्याचे पान, आणि कोणाच्या रानातले असेल तर बाजरीचे कणीस किंवा कपाशीचे बोंड. या पूजेला भटजी लागत नाही, मुहूर्त लागत नाही, दक्षिणा लागत नाही. पोराने आपल्या हाताने देव काढावा, आपणच त्याला फूल वाहावे, आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून त्याच जागी पाढे लिहावेत, इतकी मोकळी पूजा आपल्या सणांत दुसरी मला तरी दिसत नाही.

पंचांगात सरस्वतीचे वेगळे दिवस आहेत. नवरात्रात मूळ नक्षत्रावर तिचे आवाहन, पूर्वाषाढावर पूजन, श्रवणावर विसर्जन, असा क्रम दिलेला असतो. तो पाळणारी घरे आपल्या गावात नाहीत. बंगाल्याकडे तिचा सण माघातल्या वसंतपंचमीला असतो. मुले आपली पुस्तके तिच्या पायाशी ठेवतात आणि त्या दिवशी वाचत नाहीत, याचा मुलांना केवढा आनंद होत असेल ते त्यांनाच विचारावे. केरळात विजयादशमीला लहान मुलाचे बोट धरून तांदळात पहिले अक्षर गिरवितात. तमिळ मुलखात नवमीला हत्यारांची पूजा आणि सरस्वतीची पूजा एकाच दिवशी, एकाच पाटावर होते. तिथे वही आणि पकड शेजारी शेजारी बसतात. आपल्याकडे नवमीला हत्यार आणि दशमीला पाटी, असा एका रात्रीचा फरक पडला आहे इतकेच.

ही देवी मूळची कोण? वेदांत ती आधी नदी आहे, पाण्याने भरलेली, थोर नदी. पुढे तिला वाणीची देवता मानू लागले. हंस, वीणा, पांढरे कमळ, माळ आणि पोथी हे सारे हळूहळू तिच्यापाशी जमत गेले. आपल्या घरांत जी मोराची तसबीर दिसते तिच्या मागे रविवर्मा चित्रकारांचा हात आहे. त्यांनी १८९६ साली सरस्वतीचे चित्र काढले त्यात हंस नसून मोर आहे. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्यातून देवादिकांची चित्रे स्वस्तात निघू लागली आणि ज्यांना देवळाच्या आत पाऊल टाकू देत नसत त्यांच्याही भिंतीवर देव आले. एका छापखान्याने केलेले हे काम लहान म्हणता येणार नाही.

पण मला आज आपल्याला सांगावयाची आहे ती गोष्ट याहून पुष्कळ जुनी आहे. मथुरेला कंकाली टीला नावाचे एक टेकाड आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते खणले तेव्हा जैनांच्या जुन्या मूर्ती सापडल्या. त्यांत सरस्वतीची एक बसलेली मूर्ती निघाली. तिचे मस्तक गेले आहे, उजवा हातही मोडला आहे. डाव्या हातात मात्र पोथी शाबूत आहे. वीणा नाही. ही मूर्ती हल्ली लखनौच्या संग्रहालयात आहे. तिच्या बैठकीवर लेख कोरलेला आहे आणि त्यात ५४ वे वर्ष दिले आहे. ते शकाचे धरले तर इसवी सन १३२ होते. सरस्वतीच्या आजवर सापडलेल्या लेखयुक्त मूर्तींत हीच सर्वांत जुनी म्हणतात.

आता ही मूर्ती बसविली कोणी? राजाने नव्हे. शेठसावकाराने नव्हे. पंडितानेही नव्हे. लेख सांगतो की सिंहाचा मुलगा गोव याचे हे दान आहे, आणि त्याचा धंदा लोहाराचा. त्याच्या धंद्यासाठी त्या लेखात जो शब्द आहे त्यात ‘कारुक’ हे पद येते. आपण बलुतेदारांना कारू-नारू म्हणतो, त्यातला कारू हा त्याच घरचा शब्द. सर्व प्राण्यांच्या हितासाठी आणि सुखासाठी आपण ही मूर्ती स्थापिली, असे त्या लोहाराने लिहवून ठेविले आहे. मोक्ष मागितला नाही, पुत्र मागितला नाही, फक्त आपल्यासाठी असे काहीच मागितले नाही.

मी ट्रेनिंग कॉलेजात असताना ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकात ही हकीकत वाचली तेव्हा त्या रात्री मला झोप आली नाही. माझे वडील सुतारकाम करीत. विद्या ही दुसऱ्यांच्या घरची वस्तू, आपण ती उसनी आणावी आणि जपून वापरावी, असे मला तोवर वाटत असे. कोणी तसे शिकविले नव्हते; ते हवेतच होते. आणि इथे तर अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी घण मारणाऱ्या माणसाने आपल्या कमाईतून विद्येची देवी घडवून घेतली आणि खाली आपले नाव व बापाचे नाव घातले. त्याला स्वतःला वाचता येत होते की नाही, ते त्या दगडावर लिहिलेले नाही. पण पोथी कोणाच्या हातात असावी याविषयी त्याच्या मनात शंका नव्हती.

मुलाला अक्षर शिकविताना आरंभी ‘ओनामासिधं’ म्हणण्याची चाल आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळी होती. धुळपाटीवर बोट फिरवीत मुले हे म्हणत, आणि त्याचा अर्थ ना मुलांना ठाऊक असे ना बहुधा पंतोजींना. ‘ॐ नमः सिद्धम्’ हे त्याचे मूळ. जैन परंपरेतून हे शब्द आले असे पुष्कळ विद्वान मानतात. म्हणजे पहा, अक्षराच्या उंबरठ्यावर किती पंथांची माणसे उभी आहेत! शेजारच्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरांनी भावार्थदीपिका सांगितली, तिच्या आरंभी गणेशापाठोपाठ शारदेलाच नमस्कार आहे, आणि तो आपल्या मराठीत आहे. नांगर धरणाऱ्याची बोली त्या देवीला विटाळ वाटली नाही.

विटाळ मानला तो माणसांनी. देवी स्त्री, पण तिच्या लेकींना अक्षर वर्ज्य. पोथी तिच्या हातात, पण शूद्रातिशूद्राने ती ऐकली तरी पाप. हे आपण सर्व जाणता. त्यावर फार बोलून मी आपल्या दसऱ्याचा विरस करीत नाही. एवढेच सांगतो की ते कुलूप फोडण्याची एक किल्ली आपल्याच जिल्ह्यात मिळाली. अमेरिकन मिशनच्या मिस फरार या बाई नगरला मुलींच्या शाळा चालवीत असत. जोतीराव फुल्यांनी त्या पाहिल्या, आणि पुण्यास परत जाऊन १८४८ साली भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा घातली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. पुढे १८८२ साली हंटर साहेबांच्या कमिशनपुढे जोतीरावांनी लेखी निवेदन दिले, त्यात निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही मागणी आहे. आणि मास्तर कसा असावा? तर शेतकऱ्यांतला, शिकून तयार केलेला, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरू शकेल असा. हे वाचले की मला वडिलांचा वाकस आठवतो. काल मी तोच पुजला. आता तो कोणी वापरीत नाही, पण धार अजून आहे.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण ती मला गेल्या वर्षी दोघातिघांनी विचारली. शाळेत सरस्वतीची तसबीर असावी की सावित्रीबाईंची, यावर हल्ली मोठमोठे लोक भांडतात. आपल्या शाळेत दोन्ही आहेत आणि दोन्हीवर धूळ बसते. ती पुसण्याचे काम आठवड्याला पाळीने मुलांकडे असते. ज्याला पाटीवर सरस्वती काढावयाची त्याने काढावी. ज्याच्या घरचा धर्म वेगळा आहे, किंवा ज्याला नको वाटते, त्याने पाटीवर आपले नाव सुरेख अक्षरात लिहावे आणि त्यालाच फूल वाहावे. आज आपल्या चार मुलांनी तसेच केले. पेढा सर्वांना सारखा मिळणार आहे.

आता त्या कोयत्यांकडे येतो.

दसऱ्याला सीमोल्लंघन करावे असे म्हणतात. शहरात लोक हे नावाला करतात. वेशीपर्यंत जाऊन सोने लुटून घरी परत येतात. आपल्या मुलखात सीमोल्लंघन खरोखर होते. दसरा झाला, फार तर दिवाळी झाली, की साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, मुकादमाचा निरोप येतो आणि ट्रॉल्या भरू लागतात. भांडीकुंडी, पीठ, सरपण, शेळी, कोंबड्या, पांघरुणे आणि त्यांच्या वर बसविलेली पोरे. पाडव्याच्या आसपास, कधी त्याहून उशिरा, माणसे परत येतात. जोडप्याला ‘कोयता’ म्हणावयाचे, एकट्याला ‘अर्धा कोयता’. माणसाचे नाव हत्याराला देण्यात आमच्या लोकांचा काही दोष नाही, पण हिशेबाच्या वहीत ते नाव चढले की माणूस तिथून पुसला जातो.

पोराला कोयत्यात धरीत नाहीत. त्याला उचल नाही, मजुरी नाही. परंतु फडात कोणाचे पोर रिकामे बसते काय? थोरले पोर खोपीत धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, वाढे गोळा करून बांधते, पहाटे मोळ्या भरताना बत्ती धरते. मुलगी दहा वर्षांची झाली की भाकरी थापते. मी हे कोणाला दूषण देण्यासाठी सांगत नाही. उचल आधीच खर्च झालेली असते; कोणाचे लग्न, कोणाचे आजारपण, कोणाची विहीर. ती फेडल्याशिवाय गत्यंतर नाही हे मला कळते. जिराईत रान आणि बेभरवशाचा पाऊस यांच्यावर सहा माणसांचे पोट भरत नाही, हे सांगण्यास मास्तराची गरज नाही.

तीन वर्षांमागे आमच्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. तिची सरस्वती साऱ्या शाळेत देखणी निघे. एकाचे आकडे असे नेमके मांडी की पट्टी लावली तरी चूक सापडू नये. त्या दसऱ्याला तिच्या पाटीचा पहिला नंबर आला, आणि तिला मी एक पेन्सिलीची पेटी दिली. दिवाळीनंतर तिचे घर ट्रॉलीत बसून निघून गेले. चैत्रात ती परत आली. मी तिला फळ्यावर बोलावले, सोपी वजाबाकी दिली. हातचा कसा घ्यावयाचा ते तिला आठवेना. ती बराच वेळ उभी राहिली. मग तिने काय करावे? खडूने फळ्याच्या कोपऱ्यात हळूच सरस्वती काढली. ती अगदी बिनचूक होती. मुले हसली. मी हसलो नाही, पण मला बोलताही येईना. पेन्सिलीच्या पेटीत तेव्हा तिने मिरच्या आणि मीठ ठेवले होते, ते तिने मला मोठ्या अभिमानाने दाखविले. फडात फार उपयोगी पडते म्हणाली.

त्या वर्षी माझीही चूक झाली, ती कबूल केली पाहिजे. ती निघण्याच्या आठ दिवस आधी मला ठाऊक होते. मी तिच्या वडिलांना रस्त्यात भेटलो, ‘मुलीला ठेवून जा’ असे एकदा म्हटले, आणि ते ‘बघू’ म्हणाले ते मला सोईचे वाटले. पटावर तिचे नाव होतेच. पट भरलेला असला म्हणजे मास्तरावर कोणी बोट ठेवीत नाही. पुढच्या दसऱ्याला ती आली नव्हती, कारण त्या साली ते दसऱ्याच्या आधीच गेले. आता ती कुठल्या शाळेत नाही. गावात असते तेव्हा मला पाहून पदर सावरून बाजूला होते.

म्हणून आज मी आपल्यापुढे उभा आहे. उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. काय करता येते तेवढे सांगतो.

पहिले हे की, मूल मागे ठेवता येते. ज्यांचे आईबाप ऊसतोडीला जातात त्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सरकारी सोय आहे. शाळेच्या व्यवस्थापन समितीने ती चालवावयाची असते. मूल आजी-आजोबांपाशी गावातच राहते, शाळेत शिकते, आणि दोन वेळचे जेवण त्यातून मिळते. परंतु त्यासाठी कोण कोण जाणार आणि कोणाचे मूल मागे राहणार याची यादी वेळेवर पाठवावी लागते. यादी उशिरा गेली तर मंजुरीही उशिरा येते आणि तोवर ट्रॉली गेलेली असते. गेल्या खेपेस आपल्या यादीत आठ नावे होती, आणि वेळेस तीन आयांनी मुली परत नेल्या. का, तर धाकट्याला कोण सांभाळणार? हा प्रश्न खोटा नाही. त्याला माझ्याजवळ एकच उत्तर आहे. दोन-तीन घरांनी मिळून एक म्हातारी बरोबर न्यावी, आणि तिला सर्वांनी मिळून काही द्यावे. पलीकडच्या वस्तीवर दोन वर्षे असे केले आहे; तिथल्या चार मुली शाळेत टिकल्या.

दुसरे, जे मुलाला नेणारच त्यांनी शाळेला सांगून न्यावे. चोरून जाऊ नये. मी रागावत नाही. शिक्षण हमी कार्ड म्हणून एक कागद आम्ही देतो, त्यावर मुलाला काय काय येते ते लिहिलेले असते. कारखान्याच्या आसपास जी शाळा असेल तिथे तो दाखविला की मुलाला बसवून घ्यावे लागते. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला हा हक्क दिला आहे. तो मागितला तर भीक मागितली असे होत नाही. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात शिक्षण सक्तीचे व मोफत केले तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेविला होता. आज दंड नाही. कधीकधी वाटते, तो एक रुपया बरा होता. पण तो फेडण्यासाठीही कोणी उचलच घेतली असती.

तिसरे आयांसाठी. काल आपण कोयता पुजलात. तो पुजलाच पाहिजे, त्याच्यावर चूल पेटते. आज पाटीही पुजलीत. आता ट्रॉली भराल तेव्हा पाटी, पुस्तक आणि दप्तर तळाशी भांड्यांखाली टाकू नका. तळाला गेलेली वस्तू चैत्रापर्यंत वर येत नाही, हा माझा अनुभव आहे. पांघरुणाच्या वर ठेवा, पोराच्या मांडीवर द्या. रात्री खोपीत मोबाइलचा उजेड असतोच. दहा मिनिटे पोराकडून वाचून घ्या. आपल्याला वाचता येत नसेल तरी चालेल. पोर अडखळले की ते आपल्या तोंडाकडे पाहते, आणि ते आपल्याला कळते.

गुरुवारी दुपारी चारपासून दिवे लागेपर्यंत मी शाळेच्या पायरीवर बसणार आहे. यादीचा कागद माझ्याजवळ असेल. ज्यांना नाव घालावयाचे आहे त्यांनी यावे, आणि येताना आजीला घेऊन यावे, कारण सांभाळावयाचे तिला आहे आणि तिच्या संमतीशिवाय मी नाव लिहिणार नाही. ज्यांना येण्यास संकोच वाटतो त्यांच्याकडे मी शुक्रवारी येईन. मारुतीच्या देवळापलीकडून सुरुवात करीन.

आता ताट बाहेर आणा रे. पोरांनो, ओळीने या, आणि आज पाटी पुसू नका. ती उद्या सकाळी पुसावयाची, मग सातचा पाढा लिहून मला दाखवावयाचा.